चपला न घालता निघालेली पिलार



आज आम्ही तुम्हाला एका बाईची ओळख करून देणार आहोत. ती राहते लांब, बोलते स्पॅनिश, आणि तिचं काम आहे सिनेमा काढणं. सिनेमात नाचणं नाही, सिनेमा काढणं. म्हणजे गोष्ट ठरवायची, नटनट्यांना काय हवं ते समजावायचं, कॅमेरा कुठे ठेवायचा ते सांगायचं आणि शेवटी सगळं जोडून पडद्यावर आणायचं. यालाच दिग्दर्शन म्हणतात. तिचं नाव इथिआर बोयाईन. स्पेन देशाची राजधानी माद्रिद, तिथे १९६७ साली तिचा जन्म झाला.

नाव लक्षात राहिलं नाही तरी चालेल. तिच्या एका सिनेमाची सुरुवात तेवढी ऐका.

थंडीची रात्र आहे. एक बाई घाईघाईने लहान मुलाला उठवते, हाताला लागेल ते पिशवीत कोंबते आणि घराबाहेर पडते. बस पकडून बहिणीच्या घरी पोचते. बहीण दार उघडते, तिला आत घेते, आणि मग त्या बाईचं स्वतःच्या पायाकडे लक्ष जातं. घरात घालायच्या मऊ सपाता तशाच पायात आहेत. त्या सपाता बघून ती रडायला लागते. मारहाण आपल्याला दिसलेली नाही. नवरा अजून पडद्यावर आलेलाही नाही. पण पायातल्या सपातांनी सगळं सांगून टाकलेलं असतं.

आपल्याकडे गटात हा सिनेमा लॅपटॉपवर लावला तेव्हा या जागेला कुणी काही बोललं नाही. सिनेमा मराठीत नाही. खाली इंग्रजी अक्षरं येतात, ती आम्ही दोघी-तिघी आळीपाळीने मराठीत वाचून दाखवत होतो. इथे मात्र वाचायला काही नव्हतंच.

सिनेमाचं नाव 'ते दोय मिस ओहोस', म्हणजे 'तुला देते माझे डोळे'. २००३ साली तो आला. बाईचं नाव पिलार, नवऱ्याचं अंतोनिओ, गाव तोलेदो. जुनं दगडी गाव, अरुंद बोळ, मोठमोठी देवळं. अंतोनिओ घरगुती यंत्रं विकायच्या दुकानात काम करतो. दारुडा नाही, गुंड नाही. चारचौघांत बसला तर कुणाला शंका येणार नाही. हे बोयाईनबाईंनी मुद्दाम केलं आहे असं आम्हाला वाटतं. मारणारा नवरा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दारूची बाटली येते आणि मग न पिणाऱ्याच्या घरातलं दिसायचं राहून जातं.

बहीण, तिचं नाव आना, पिलारच्या घरी तिचे कपडे आणायला जाते. तिथे कपाटात तिला दवाखान्याचे कागद सापडतात. एकेका वेळेचा एकेक कागद, एकेका दुखापतीची नोंद. पिलारने ते फाडले नव्हते, कुणाला दाखवलेही नव्हते, नुसते ठेवले होते. आम्ही इथे जरा थांबतो आणि कामाचं एक सांगतो. असे कागद तुमच्यापैकी कुणाच्या घरात असतील तर ते फाडू नका, घरातही ठेवू नका. विश्वासाच्या बाईकडे ठेवायला द्या.

आता पुढे. पिलारला एका देवळात काम मिळतं. तोलेदोच्या सांतो तोमे देवळात एल ग्रेको नावाच्या चित्रकाराचं चारशे वर्षांपूर्वीचं मोठं चित्र आहे. ते बघायला जगभरातून लोक येतात. आधी ती तिकिटं फाडते. मग चित्रांबद्दल ऐकत ऐकत शिकायला लागते. पुढे लोकांसमोर उभी राहून चित्रातली गोष्ट सांगायला लागते. घरात एक शब्द न बोलणारी बाई इथे बोलते आणि माणसं कान देऊन ऐकतात. एकदा अंतोनिओ लपून तिचं बोलणं ऐकतो. त्याच्या चेहऱ्यावर कौतुक दिसतं आणि त्याच चेहऱ्यावर भीतीही दिसते. ही आपल्या हातातून सुटली, ही ती भीती.

पण मधे एक गोष्ट घडते. पिलार परत जाते. अंतोनिओ माफी मागतो, भेटवस्तू आणतो, स्वतःचा राग आवरायला शिकवणाऱ्या पुरुषांच्या गटातही जायला लागतो. ती वही बघा. त्या गटातला शिक्षक त्याला वही देतो आणि राग येतो तेव्हा मनात काय होतं ते लिही म्हणतो. तो खरोखर लिहितो. तो नाटक करत नाही. त्याचं पिलारवर प्रेम आहे आणि तिचंही त्याच्यावर आहे. सिनेमाचं नाव त्यांच्या प्रेमातल्या खेळातून आलेलं आहे, मी तुला माझे हात देते, मी तुला माझे डोळे देते असा तो खेळ. म्हणून तर ती जाते.

इथे आमच्या खोलीत भांडण लागलं. निम्म्या जणी म्हणाल्या, मूर्ख आहे, परत कशाला गेली? निम्म्या म्हणाल्या, तुम्हाला काय माहीत. सिनेमातली बहीण आनासुद्धा चिडते. तिचं सगळं बरोबर आहे. तरी पिलार जातेच. बोयाईनबाई पिलारला दोष देत नाहीत आणि आनालाही देत नाहीत. दोघी बहिणींचं एकमेकींवर ओरडणं तसंच ठेवतात.

आणि आईचं बघा. पिलारची आई म्हणते की बाईमाणसाने एकटं राहणं काही बरं नाही. आपण पटकन तिला खलनायिका करतो. पण ही आई कुठल्या काळातली आहे ते समजून घ्यायला पाहिजे. स्पेनमध्ये जनरल फ्रँको नावाच्या हुकूमशहाची सत्ता १९७५ पर्यंत होती. लग्न झालेल्या बाईला नोकरी धरायची, बँकेत खातं काढायचं, काही विकायचं-घ्यायचं तर नवऱ्याची परवानगी लागायची. कायद्यातच तसं लिहिलेलं होतं. ते कलम निघालं १९७५ च्या मे महिन्यात. घटस्फोट मिळायला लागला १९८१ पासून. म्हणजे पिलारच्या आईच्या उमेदीच्या वर्षांत तिला स्वतःच्या नावावर पासबुक काढायचं म्हटलं तरी सही नवऱ्याची. ती मुलीला कुठली वाट दाखवणार? तिने बघितलेली वाट एकच.

आपल्या गटातल्या ज्या बायकांनी पहिल्यांदा बँकेत जाऊन अंगठ्याऐवजी सही केली, त्यांना हे जास्त सांगायला नको.

परत आलेल्या पिलारचं पुढे काय होतं ते आम्ही पूर्ण सांगणार नाही. एवढंच सांगतो की माद्रिदला नोकरीच्या मुलाखतीला निघालेल्या पिलारला अंतोनिओ अडवतो, आणि अख्ख्या सिनेमात उघड अत्याचार दिसतो तो तिथेच. तो तिला मारत नाही. तिची लाज काढतो. तिला विवस्त्र करून गॅलरीत उभं करतो. नंतर ती पोलिसात जाते. पोलीस विचारतात, जखम कुठे आहे? आणि दाखवायला काहीच नसतं. सगळं आतून मोडलेलं आहे, हे ती सांगते, पण त्याचा कागद कसा करणार? तक्रार न लिहिता ती परत येते.

शेवटी ती घर सोडते तेव्हा तिच्याबरोबर कोण असतं? बहीण नाही, आई नाही. देवळात बरोबर काम करणाऱ्या मैत्रिणी. त्या दारात उभ्या राहतात, पिलार आत जाऊन सामान भरते, अंतोनिओ बघत राहतो. बाहेरच्या दोघी-तिघी बायका नुसत्या हजर आहेत म्हणून त्याचा हात उठत नाही.

हे आम्ही का लावून धरतो आहोत? आपल्या बऱ्याच गटांत नियम आहे, सलग तीन बैठकांना गैरहजर राहिली आणि बचत भरली नाही की नाव कमी. नियम चुकीचा नाही, हिशेब चालायला हवा. पण बैठकीला येऊ दिलं जात नाही अशी एखादी असते. ती दोनदा माहेरी जाऊन आलेली असते, तिच्यासाठी धावपळ करून आपण दमलेल्या असतो, आणि आता ती परत गेली म्हणून चिडलेल्याही असतो. तिचं नाव कमी करायचं का, हा प्रश्न गेल्या महिन्यात दोन ग्रामसंघांत आला. आमचं मत आम्ही उघड सांगतो. नाव ठेवा. शंभर रुपये कुणीतरी भरेल, नाहीतर थकलेले दाखवा. परत जाणारी बाई पुन्हा निघते तेव्हा तिला दारात उभं राहायला माणसं लागतात. पिलारला ती कामावरून मिळाली. आपल्याकडे किती जणींना तशी कामाची जागा आहे? गट आहे. तुमचं मत वेगळं असलं तर बैठकीत मांडा, आम्ही ऐकू.

या सिनेमाच्या मागे स्पेनमध्ये काय चाललं होतं तेही थोडक्यात सांगतो. १९९७ च्या डिसेंबरात आना ओरांतेस नावाच्या साठ वर्षांच्या बाईने टीव्हीवर येऊन चाळीस वर्षांच्या मारहाणीबद्दल सांगितलं. घटस्फोट झालेला होता, पण कोर्टाच्या निकालाने तिला त्याच घरात खालीवर नवऱ्याच्या शेजारी राहावं लागत होतं. टीव्हीवर बोलल्यानंतर थोड्याच दिवसांत त्या माणसाने तिला जाळून मारलं. सगळा देश हादरला. तोवर वर्तमानपत्रात अशा बातम्या घरगुती भांडण म्हणून कोपऱ्यात यायच्या. २००३ पासून तिथल्या सरकारने नवऱ्याच्या किंवा जोडीदाराच्या हातून मेलेल्या बायकांची वेगळी मोजणी ठेवायला सुरुवात केली. २०१९ मध्ये तो आकडा हजाराला पोचला. २००४ च्या डिसेंबरात बायकांवरच्या अत्याचाराविरुद्ध मोठा कायदा झाला, संसदेत एकाही सदस्याने विरोध केला नाही, आणि अशा खटल्यांसाठी वेगळी न्यायालयं आली. आपल्याकडचा घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ चा. म्हणजे दोन्हीकडे वर्षभराचंच अंतर.

बोयाईनबाईंच्या सिनेमाला स्पेनचे सगळ्यात मोठे पुरस्कार, त्यांना गोया म्हणतात, एकाच वर्षी सात मिळाले. सगळ्यात चांगला सिनेमा, नट, नटी आणि दिग्दर्शनही. दिग्दर्शनाचा गोया मिळालेली ती दुसरीच बाई. पहिली पिलार मिरो, १९९७ साली. पुढे २००६ मध्ये सिनेमात काम करणाऱ्या बायकांनी आपली संघटना काढली. बोयाईन तिच्या संस्थापकांपैकी एक. म्हणजे गट तिथेही लागतोच.

ती या कामात आली कशी? पंधरा वर्षांची असताना व्हिक्तोर एरिथे नावाच्या मोठ्या दिग्दर्शकाने तिला 'एल सुर' या सिनेमात घेतलं. नटी म्हणून नाव झालं. पण कॅमेऱ्याच्या पुढे उभं राहता राहता तिचं लक्ष कॅमेऱ्याच्या मागे गेलं. मित्रांबरोबर छोटी कंपनी काढली आणि १९९५ मध्ये पहिला मोठा सिनेमा केला. त्याच सुमारास इंग्लंडचे दिग्दर्शक केन लोच यांच्या सिनेमात ती काम करत होती. कामगार, बेकार, गरीब घरं यांच्या गोष्टी सांगणारा हा माणूस. तो काम कसं करतो ते बघून तिने त्याच्यावर पुस्तकच लिहिलं. तिथेच तिला पॉल लॅव्हर्टी भेटला, लोच यांच्यासाठी कथा लिहिणारा. पुढे तो तिचा जोडीदार झाला. त्याचा जन्म आपल्या कलकत्त्याचा बरं का.

तिचा दुसरा सिनेमा मात्र आपल्या गावांत बसून बघावा असा आहे. 'फ्लोरेस दे ओत्रो मुंदो', दुसऱ्या जगातली फुलं, १९९९ चा. स्पेनच्या डोंगराळ गावांतून तरुण मुली शहरात निघून गेल्या. शेती आणि जनावरं सांभाळत मागे राहिले मुलगे, आणि त्यांना बायको मिळेना. हे काही कल्पनेतलं नाही. १९८५ मध्ये प्लान नावाच्या डोंगरातल्या गावातल्या अविवाहित पुरुषांनी वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती, लग्नासाठी बायका हव्यात म्हणून, आणि खरोखर बसने बायका आल्या. २०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात बाशिंग बांधून निघालेला नवरदेवांचा मोर्चा तुम्ही ऐकला असेलच. तर तसं.

सिनेमात गावातले पुरुष सजून उभे आहेत, बस येते, बायका उतरतात, नाचगाणं होतं. त्यातली पात्रिसिया डोमिनिकन रिपब्लिक या देशातली, दोन मुलांची आई, माद्रिदमध्ये घरकाम करणारी. तिला राहायचे सरकारी कागद हवेत आणि मुलांना घर. दामियान नावाच्या शेतकऱ्याशी ती लग्न करते. घरात सासू. सासूला सुनेचा रंग खपत नाही, स्वयंपाक खपत नाही, तिच्या मैत्रिणी खपत नाहीत. स्वयंपाकघर एक आणि बायका दोन, कुठल्याही देशात हे असंच दिसतं. दुसरी मिलादी, क्युबाची वीस वर्षांची पोर. तिला तिच्या दुप्पट वयाच्या बांधकाम ठेकेदाराने आणून ठेवलेलं आहे. मोठा टीव्ही आहे, चांगलं घर आहे आणि मार आहे. तिसरी बिलबाओ शहरातली परिचारिका, स्वतःच्या पायावर उभी. तिला माणूस आवडतो, पण त्याला गाव सोडायचं नाही आणि तिला नोकरी.

तिघींना एकच उत्तर मिळत नाही, हे आम्हाला फार आवडलं. मिलादी निघून जाते. परिचारिका एकटीच्या घरी परतते. पात्रिसिया टिकते, आणि त्यात सासूचा मोठा वाटा असतो. सासू गोड होते असं नाही. नवरा गेलेली बाई आणि देश सोडून आलेली बाई कुठेतरी एकमेकींना ओळखतात, एवढंच. आमच्यातल्या एका सासूबाईंनी यावर जे म्हटलं ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही, पण त्या हसत होत्या.

आपल्याकडेही आता दुसऱ्या राज्यांतून सुना येतात. त्यांची भाषा कुणाला येत नाही, आधार कार्डावर पत्ता तिकडचा, म्हणून गटात घेता येत नाही. हा सिनेमा बघताना आम्हाला त्या आठवल्या. त्यांच्या आधारवरचा पत्ता बदलून घेता येतो. पुढच्या भागात आम्ही त्याची माहिती देऊ.

आता पाण्याची गोष्ट. २०१० चा सिनेमा, नाव 'ताम्बिएन ला युविया', म्हणजे 'पाऊससुद्धा'. बोलिव्हिया देशात कोचाबांबा नावाचं शहर आहे. १९९९ साली तिथल्या सरकारने पाणीपुरवठा परदेशी भागीदारी असलेल्या कंपनीला दिला. पाणीपट्टी एकदम वाढली. लोकांनी स्वतः खणलेल्या विहिरीही कंपनीच्या ताब्यात जातील, पावसाचं पाणी साठवायलाही परवाना लागेल, अशी वेळ आली. लोक रस्त्यावर उतरले, गोळीबारात एक सतरा वर्षांचा मुलगा गेला, आणि २००० च्या एप्रिलमध्ये सरकारला तो करार रद्द करावा लागला. हा खरा इतिहास.

सिनेमात या गडबडीत स्पेनहून काही लोक तिथे शूटिंग करायला आलेले आहेत. कोलंबसाने तिथल्या आदिवासींवर काय अत्याचार केले यावरचा सिनेमा. उद्देश चांगला. पण बोलिव्हिया का निवडला? तर तिथे माणसं दिवसाला दोन डॉलरवर मिळतात म्हणून.

त्यात एक प्रसंग आहे. शिपायांपासून वाचायला आदिवासी आया आपली बाळं पाण्यात बुडवतात, असं चित्रीकरण करायचं आहे. दिग्दर्शक समजावतो, बाळांना काही होणार नाही, ऐन वेळी बाहुल्या देऊ, तुम्ही फक्त बाळं घेऊन पाण्यापर्यंत चाला. हे इतिहासात घडलेलं आहे, दाखवणं गरजेचं आहे. बायका त्यांच्या भाषेत आपापसांत बोलतात आणि नाही म्हणतात. खोटं खोटंसुद्धा नाही. पैसे घेऊन आलेल्या आहेत, गरज आहे, समोर मोठा माणूस आहे. तरी बाळं उचलून निघून जातात. असली गोष्ट मनातही आणवत नाही त्यांना. दिग्दर्शक हात चोळत उभा राहतो.

हा सिनेमा काढणारी स्वतःही स्पेनहून बोलिव्हियात शूटिंगला गेलेली दिग्दर्शकच आहे. म्हणजे हा चिमटा तिने स्वतःच्या धंद्यालाच काढलेला आहे. बाहेरून गावात कॅमेरा घेऊन येणाऱ्यांनी तो बघावा. आपल्या गटांचे फोटो काढायला येणारे 'ताई, जरा पापड लाटताना हसा' म्हणतात, तेव्हा आपण हसतो की नाही?

बाकीच्या सिनेमांवर जास्त वेळ घेत नाही. 'एल ऑलिवो' मध्ये कुटुंबाने हजारो वर्षांचं जैतुनाचं झाड विकलेलं आहे, ते जर्मनीतल्या कंपनीच्या कचेरीत शोभेला ठेवलंय, आणि आजोबांनी बोलणं सोडलंय म्हणून नात ट्रक घेऊन ते आणायला निघते. 'माइशाबेल' ही खरी गोष्ट आहे. जिच्या नवऱ्याला २००० साली बंदूकधारी अतिरेक्यांनी मारलं, ती बाई अकरा वर्षांनी तुरुंगात जाऊन मारेकऱ्याच्या समोर बसते. हा सिनेमा जड आहे, एकटीने बघू नका. २०२४ चा 'सॉय नेवेन्का' ही सुद्धा खरी गोष्ट. पोनफेरादा नावाच्या गावात नगरपालिकेत निवडून आलेली तरुण बाई २००१ मध्ये महापौराच्या छळाविरुद्ध उघड बोलली. २००२ मध्ये कोर्टाने महापौराला दोषी धरलं. आणि गावातले लोक, त्यात बायकाही होत्या, महापौराच्या बाजूने मोर्चा घेऊन निघाले. खटला जिंकलेल्या बाईला देश सोडून जावं लागलं. आपल्यातल्या ज्या सरपंच आहेत, सदस्य आहेत, त्यांच्यासाठी हा सिनेमा आम्ही वेगळा मागवणार आहोत.

पुढच्या महिन्यात मात्र हलकाफुलका लावू. 'ला बोदा दे रोसा', रोसाचं लग्न, २०२० चा. रोसा शिवणकाम करणारी, पंचेचाळिशीची. भावाची मुलं तिने सांभाळायची, वडील तिच्याकडेच राहायला येणार, ओळखीपाळखीच्यांची कामं तिच्याच गळ्यात. एक दिवस ती उठते आणि समुद्राकाठच्या गावी आईचं बंद पडलेलं शिवणाचं दुकान उघडायला निघून जाते. घरच्यांना फोन करून सांगते, लग्न करतेय. सगळे नवरा कोण ते शोधत बसतात. नवरा नसतोच. ती स्वतःशीच लग्न लावणार असते.

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, दुपारी दोनला, प्रभागसंघाच्या कार्यालयात. शिलाई मशीनवाल्या गटांनी नक्की या. त्या दुकानातल्या जुन्या मशीनवर ती हात फिरवते तिथे आम्ही मधे बोलणार नाही. आणि घरून विचारलं कुठे चाललीस, तर सांगा, लग्नाला.